बिडीची सुट्टी

भात पोटरीला आलं तेव्हा दत्तूच्या डाव्या पायाचा अंगठा निळा पडला, आणि लोंब्या वाकेपर्यंत तो काळा झाला. दत्तूला वाटलं, खोका पडला असेल. काल्हेरच्या गोदामात हमालाच्या पायावर काही ना काही पडतच असतं, त्यामुळे नेमका कुठला खोका हे शोधत बसण्यात त्याने वेळ घालवला नाही. शांताबाईने, म्हणजे त्याच्या आईने, हळद लावली. अंगठा वरून पिवळा दिसायला लागला. खाली काळाच राहिला.

भिवंडीच्या डॉक्टरांनी अंगठा दाबला नाही, नुसता पाहिला.

"बिडी किती?"

"हाय आपली," दत्तू म्हणाला.

"म्हणजे किती?"

"सगळी वढतात तेवढी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पायाच्या नसा आकसल्यात. बिडीनं. दिवसाला एक ओढलीत तरी आकसत राहणार. आजपासून बंद केलीत तर अंगठ्यावर भागेल. नाही केलीत तर आधी बोटं, मग पाऊल, मग इथपर्यंत." त्यांनी पेनाने गुडघ्याखाली रेघ दाखवली, शिंपी पायजम्याचं माप दाखवतो तशी. "आणि पायावर सारखं उभं राहायचं नाही. अधूनमधून बसायचं, पाय जरा मोकळा सोडायचा."

"बसतो की," दत्तू म्हणाला. "बिडीच्या सुट्टीत बसतो."

डॉक्टरांनी चष्मा परत लावला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दत्तूची बायको चंद्रा शेजारीच उभी होती. ती दिघाशी गावची आशा सेविका. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, पोरांना डोस पाजायचे, घरोघर फिरून कुणाला ताप आहे का विचारायचं. एवढं विचारल्यामुळे गावात ताप आला की लोक आधी तिच्याकडे बघत, जणू तीच घेऊन आली.

आता बिडी सोडवायची कशी, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. पण सरकारलाही त्याच सुमारास ही काळजी पडली होती. तालुक्याला आशांचं प्रशिक्षण निघालं, विषय: बिडी-सिगारेट सोडायला लोकांना मदत कशी करावी. याआधी डास, हात धुणे आणि कुत्रं चावणे हे विषय होऊन गेले होते. त्यामानाने हा सोपा आहे, असं आसावरी मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं. मॅडम ठाण्याहून आल्या होत्या. हसऱ्या होत्या, आणि मनाने खरोखर चांगल्या होत्या. त्यांच्यापुढच्या टेबलावर प्लॅस्टिकची दोन फुप्फुसं ठेवलेली होती, एक गुलाबी आणि एक काळं. चहाच्या वेळी सगळ्या आशांनी काळ्याबरोबर फोटो काढून घेतले.

"आपण ओरडायचं नाही, लाजवायचं नाही, भीती घालायची नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण विचारायचं, आणि शांतपणे ऐकून घ्यायचं."

"मग सोडतात?" मागून काशी नावाच्या आशाने विचारलं.

"ऐकून घेतलं की माणूस मोकळा होतो, ताई."

"आमचा हाय तो मोकळाच हाय," काशी म्हणाली. "त्याला बांधायचा कसा, ते सांगा."

मग जोड्या लावल्या. एकीने आशा व्हायचं, दुसरीने बिडी ओढणारा दादा. चंद्राला दादा केलं, कारण तिला खोकण्याची नक्कल चांगली जमत होती. काशी समोर बसली.

"दादा, तुम्हाला तलफ कधी येते?"

"चहा झाला की."

"मग चहा झाला की पाणी प्या, मोठा श्वास घ्या, कुणाशी तरी दोन शब्द बोला."

"बरं."

अशा रीतीने जेवणाच्या आत हॉलमधल्या सगळ्या दादांनी बिडी सोडली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या आशांनी पुलाव खाल्ला आणि विषय तिथेच ठेवून घरी गेल्या. चंद्राने मात्र सगळं खरं धरलं. तिच्या घरी अंगठा होता.

दत्तूने सोडली. ते बघायला मॅडम असायला हव्या होत्या. चहा झाला की तो तांब्याभर पाणी प्यायचा, मोठा श्वास घ्यायचा आणि दोन शब्द बोलायचा. ते बहुतेक शिव्या असत. एकदा डबा भिरकावला. एकदा नुसताच ओट्यावर बसून राहिला आणि गुडघे हलवत राहिला, यंत्रमाग चालल्यासारखे. बांधावर बसून त्याने गवताची काडी दातात धरली की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे, काडेपेटीकडे जायचा आणि रिकाम्या खिशावर थांबायचा. चंद्रा बघायची, बोलायची नाही. मॅडमनी तसं सांगितलं होतं. बोलायला तिला पुष्कळ सुचत होतं.

"ह्याच्या बापानं मरेस्तवर वढली," शांताबाई म्हणाली. "कुणी आडवला न्हाय."

"कशानं गेले ते?" चंद्राने विचारलं.

"खोकून."

"मग?"

"मग काय. गेलाच की."

हे सांगताना शांताबाई दातांना मशेरी लावत होती. मशेरीचं प्रशिक्षण वेगळं होतं, ते अजून यायचं होतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "थांबलंय. अंगठ्याच्या पुढं गेलं नाही. हे असंच ठेवा." घरी येताना टमटममध्ये चंद्राने दत्तूच्या मांडीवर हात ठेवला होता, सगळ्यांदेखत. दत्तूने तो काढला नाही.

गोदामात दिवाळीचा माल उतरत होता. दत्तू ज्या टोळीत होता तिचा मुकादम पंढरी, दिघाशीचाच, दत्तूच्या आळीच्या पलीकडचा. टोळीत गोणी एकट्याने कुणी उचलत नाही. थप्पीपाशी दोघे उभे राहतात, गोणी उचलतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. देणारा जाणता असला तर गोणी मानेच्या खाली, बरोबर खोलगटात बसते आणि माणूस चालू लागतो. तो जाणता नसला तर कंबर बोलते. पंढरी देणाऱ्यातला होता. त्याच्या हातून आलेली गोणी अंगावर चादर टाकल्यासारखी यायची, असं टोळीत म्हणत.

आत सगळा पुठ्ठा आणि प्लॅस्टिकचा दाणा, म्हणून आत बिडीला बंदी. त्यासाठी शिफ्टमध्ये दोनदा बाजूचं फाटक उघडायचं, आणि टोळी बाहेर भिंतीच्या सावलीत जाऊन बसायची. हीच बिडीची सुट्टी. जेवणाची सोडली तर दुसरी सुट्टी नव्हती. बिडी सोडल्यावरही दत्तू टोळीबरोबर बाहेर गेला, भिंतीला टेकला, पाय लांब केला. तेवढ्यात आल्हाद सर आले. हे गोदामाचे व्यवस्थापक, वयाने दत्तूच्या निम्मे, सगळ्यांशी अहो-जाहो करणारे.

"दत्तू, तुमच्या हातात बिडी नाहीये."

"सोडली, सर."

"अरे वा. अभिनंदन." आल्हाद सरांना खरंच आनंद झाला. "मग बाहेर काय करताय?"

"बसलोय."

"बसायची सुट्टी नसते ना, दत्तू. बिडीची असते."

यात चुकीचं काय ते दत्तूला सांगता येईना. तो उठला आणि आत गेला. आत एकटाच असल्यामुळे त्याला गोण्या देणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याच्याकडे झाडू दिला. टोळी बाहेर धूर सोडत बसायची आणि दत्तू काळ्या अंगठ्यावर गोदाम या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडायचा. संध्याकाळी चंद्रा बूट काढायची तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं असायचं आणि पट्टी चामड्याला चिकटलेली. ती कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवायची.

"नुसती हातात धरून बस," ती म्हणाली. "पेटवू नको. धरायला काय जातंय."

दुसऱ्या दिवशी दत्तू एक बिडी घेऊन गेला. फाटक उघडलं, तो भिंतीशी बसला, पाय सोडला, बिडी ओठात धरली. आल्हाद सर येऊन बघून गेले आणि काही बोलले नाहीत. चंद्राचं डोकं चाललं होतं. चाललं नाही ते एवढंच, की टोळीत कुणी ओठात बिडी धरली तर तिला काडी देणं हा दुसऱ्याचा धर्म असतो. पंढरीने बोलता बोलता काडी ओढली, दोन्ही हातांच्या आडोशाने दत्तूच्या तोंडापाशी नेली, आणि दत्तूने, आयुष्यभर जे केलं तेच, श्वास आत घेतला.

त्याने बिडी टाकली. पण तो घोट दोन दिवस छातीत फिरत होता. चंद्राला त्याने स्वतःहून सांगितलं, मान खाली घालून, पोराने पाटी फोडल्याचं सांगावं तसं. ती ओरडली नाही. तिने आसावरी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, बिडी न पेटवता बसायला मिळायला पाहिजे. एवढंच करा."

"चंद्राताई, हे किती महत्त्वाचं बोललात तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "मी येते."

मॅडम आल्या. बॅनर घेऊन आल्या. आल्हाद सरांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं, आणि वरच्या साहेबांनाही आवडली. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्या टोळ्यांना मालाच्या धक्क्यावर उभं केलं. बॅनरवर 'तंबाखूमुक्त गोदाम' असं होतं. मॅडम बसून पाय मोकळे करण्याच्या महत्त्वावरही बोलल्या, पण तेव्हाच कंटेनर मागे यायला लागला आणि त्याची पींपीं चालू होती. दत्तूला पुढे बोलावून गुलाबांचा गुच्छ दिला, बिडी सोडणारा पहिला कामगार म्हणून. टोळीने टाळ्या वाजवल्या. पंढरीने सगळ्यात जोरात वाजवल्या. चंद्राने साडी धुतलेली, इस्त्रीची नेसली होती. फोटोत ती अर्धी आली.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या फाटकाला कुलूप होतं.

"बिडीच नाही, तर बिडीची सुट्टी कशाला?" आल्हाद सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात नेहमीप्रमाणे चूक काढण्यासारखं काही नव्हतं. शिवाय आत जाताना वॉचमन प्रत्येकाचे खिसे, कंबर आणि डबा चाचपू लागला. ज्याच्याकडे बिडी सापडेल त्याची त्या दिवसाची हजेरी कापायची.

टोळी दत्तूला एका शब्दाने बोलली नाही. तेच वाईट होतं. बोलली असती तर त्याने उत्तर दिलं असतं. संडासाच्या मागे पत्र्याआड एक बोळ होता, तिथे ते पाळीपाळीने जाऊन लपवून आणलेली बिडी ओढायला लागले. पहिल्याच आठवड्यात दोघे पकडले गेले. कॅमेऱ्याने पकडले होते, पण कॅमेरा आपल्यातला नसतो, त्याच्याकडे संशयाने बघता येत नाही. दत्तूकडे बघता येत होतं.

त्यानंतर त्याची पाठ रिकामी राहू लागली. तो थप्पीपाशी वाकून उभा राहायचा; देणारे दुसऱ्याला द्यायचे. मग म्हणायचे, "तू जरा थांब, गुच्छवाल्या." शेवटी तो स्वतःच गोणी मांडीवर घ्यायचा, मांडीवरून खांद्यावर ढकलायचा, आणि त्या ढकलण्यात सगळा भार डाव्या पायावर यायचा. एकदा गोणीसकट बसला. कुणी हसलं नाही. एकाने गोणी उचलली आणि नेली. दत्तूला तिथेच ठेवलं.

कापणी आली. दिघाशीला त्यांचं थोडं भात होतं, ते चंद्रा आणि शांताबाईने कापलं. दत्तू बांधावर बसून विळे पाजळत होता. दोघी कापत पुढे जायच्या आणि त्याचे विळे तयार होऊन पडून राहायचे, इतके विळे कुणाला लागतच नव्हते. पट्टीच्या कडेने अंगठ्याशेजारचं बोट दिसत होतं. चंद्राने एकदा पाहिलं आणि पेंढी बांधायला घेतली. घरी आल्यावर तिने दिवा जवळ आणून ते पाहिलं. बोटाच्या टोकाला शाई सांडल्यासारखा डाग होता.

रविवारी ती पंढरीच्या खळ्यावर गेली. पंढरी पेंढी आपटून भात झोडत होता.

"ये वयनी. बस."

ती बसली नाही. तिने एक पेंढी उचलली आणि त्याच्या शेजारी उभं राहून झोडायला लागली.

"पंढरीभाऊ, त्याला पाठीवर द्या. पाय चाललाय त्याचा."

"मला का कळत न्हाय?" पंढरी म्हणाला. "लहानपणी एकाच डबक्यात डुंबलो आम्ही."

"त्यानं चुगली न्हाय केली."

"न्हाय केली. मला म्हायती हाय."

"मग?"

पंढरीने पेंढा बाजूला टाकला, दुसरी पेंढी घेतली. "मला म्हायती हाय, म्हणून टोळीला थोडीच पटतंय. पत्र्यामागं सगळ्यांच्या तोंडाला वास येतो. सगळी एकाच दोरीनं बांधलेली. तो एकटा स्वच्छ. उद्या सायबानं विचारलं, कोण वढतंय, तर त्याला काय भ्याव? ज्याच्या तोंडाला वास न्हाय, त्याचा भरवसा कसा धरायचा, सांग."

चंद्राने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "भाऊ, तुम्हाला कधी सोडावीशी वाटली का?"

"रोज वाटतंय," पंढरी म्हणाला. "आता तर जास्तच. पण सोडली तर बसायचं कधी?"

यावर प्रशिक्षणात काही सांगितलेलं नव्हतं. चंद्राने त्याच्या राहिलेल्या पेंढ्या झोडून दिल्या. निघताना पंढरी म्हणाला, "बघतो काय करता येतंय." तो तोंडदेखलं बोलणारा माणूस नव्हता.

आणि खरंच फरक पडला. दत्तू संध्याकाळी आला तो हलका दिसला. पंढरीने स्वतः पाठीवर गोणी दिली म्हणाला, सगळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशीही. बूट काढल्यावर सूज कमी होती. "बसायला मिळतंय," तो म्हणाला. कुठे ते त्याने सांगितलं नाही. शांताबाईला त्याने बऱ्याच दिवसांनी थट्टेत काहीतरी म्हटलं आणि ती मशेरीचं बोट तोंडात ठेवून हसली. मॅडमचा फोन आला: पुढच्या प्रशिक्षणात दत्तूभाऊंनी येऊन चार शब्द बोलावेत. चंद्रा हो म्हणाली. तिला तेव्हा हो म्हणण्यासारखंच वाटत होतं.

फक्त बोटावरचा डाग पेराच्या खाली उतरला होता.

सकाळी ती पट्टी बदलायला बसली. दत्तूचा पाय तिच्या मांडीवर, टेम्पो यायला अजून वेळ. जुनी पट्टी उलगडली तशी तिच्या पदरावर काहीतरी भुरभुरलं. तिला वाटलं, खपली. तिने चिमटीत धरून पाहिलं, मग नाकाशी नेलं. तंबाखूचा चुरा होता. पट्टीच्या आतल्या घडीत तेंदूच्या पानाचा एक तुकडाही होता.

ती काही बोलली नाही. मॅडमनी सांगितलं होतं म्हणून नव्हे.

"वॉचमन सगळं चाचपतो," दत्तू म्हणाला. "डबा उघडतो, बूट उलटे करतो. पायाला हात लावत न्हाय. वास येतो ना. तोंड फिरवतो."

"टोळीच्या?"

"सगळ्यांच्या. मीच नेतो आता." त्याच्या आवाजात थोडी ऐट होती, ती त्याला लपवता आली नाही. "पंढरीचं डोकं."

"आन तू?"

दत्तू दाराबाहेर बघत राहिला. "एक. त्यांच्यासमोर. एक तरी वढावी लागते, चंद्रे. न्हायतर मी नुसता गडी झालो."

"डॉक्टर काय म्हणाला, एक वढली तरी."

"मला म्हायती हाय."

"बोट बघ तुझं."

"बघितलं." तो आता तिच्याकडे वळला. "नेली तर पाठीवर देतात, पत्र्यामागं बसायला मिळतंय. न्हाय नेली तर दिवसभर उभा, उचलायचं एकट्यानं. तूच सांग कुठल्यानं पाय लवकर जाईल. तुझं शिक्षण झालंय."

चंद्राने औषधाची बाटली उघडली. जखम पुसली. कापूस ठेवला. ती विचार करत होती, पण विचार ज्या बाजूने जाई त्या बाजूला फाटक होतं आणि त्याला कुलूप होतं. शांताबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "त्याला चहा दे आधी," आणि चहा कुणी दिला नाही.

दत्तूने उशाखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चपटी पुडी काढली. बिड्या, दोन काड्या, काडेपेटीच्या कडेचा फाडलेला तुकडा. त्याने ती तळपायाच्या खोलगटात बरोबर बसवली आणि बोटाने धरून ठेवली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

चंद्राने पट्टीचं टोक घेतलं. पावलावरून एक वेढा दिला, पुडीवरून दुसरा, घोट्यामागून तिसरा. तिचा हात चांगला होता. गावात तिच्यासारखी घट्ट पट्टी कुणी बांधत नसे.

"जरा सैल," दत्तू म्हणाला. "मोडतात."

तिने सगळे वेढे सोडले आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं.